अक्कांच्या स्टुलावरून

अक्का, परवा शनिवारी दत्ताअण्णांनी तुमचं कानाचं यंत्र माझ्या हातात ठेवलं.

मी जयनगरला तुमच्या घरी हॉलची किल्ली न्यायला आले होते. तुम्ही गेलात त्याला अकरा दिवस झाले होते आणि दुसऱ्या दिवशी रविवार होता. मुलं येणार, कुणीतरी दार उघडायला हवं. दत्ताअण्णांनी, तुमच्या भावानं, खुंटीवरची किल्ली काढून दिली, मग आत जाऊन ती छोटी निळी डबी आणली. म्हणाले, "हे कुणाच्या उपयोगी पडलं तर बघ बाई. डॉक्टरनं सांगितलेलं, वयाच्या मानानं तुमचे कान ठणठणीत हायत, यंत्र कशाला? पण ऐकंल तर अक्का कसली! म्हणाली, माझ्या ऐकण्यापायी एका पोरीचं वर्ष गेलंय, तुम्ही गप मशीन द्या."

मी डबी पर्समध्ये टाकली, वहिनींनी केलेली कॉफी अर्धीच प्यायले आणि निघाले. फाटकापर्यंत धीर धरला. मग कोपऱ्यावरच्या फुलवालीच्या गाडीशेजारी उभी राहून रडले. ती बिचारी "अळबेडी अम्मा, रडू नका" म्हणत माझ्या हातात मोगऱ्याचा तुकडा देत होती.

तिला वाटलं असणार, या बाईचं कुणीतरी गेलं. गेलंच आहे. पण मी नुसती त्यासाठी रडत नव्हते. तुम्हाला एक गोष्ट सांगायची होती. दोन वर्षं सांगायची होती, आणि मी सांगितली नाही. आता लिहिते आहे, वरातीमागून घोडं. तुम्ही असतात तर म्हणाल्या असतात, "पुणेकरीण हाय, मुहूर्त बघून बोलती."

सहा वर्षांपूर्वी आमच्या बेळ्ळंदूरच्या ऑफिसातून आम्ही वीस जण तुमच्या रविवारच्या वर्गाला आलो होतो, एकसारखे टी-शर्ट घालून. छातीवर इंग्रजीत 'मेंटॉर' छापलेलं. मराठी मंडळाच्या हॉलच्या वरच्या खोलीत सतरंजीवर पंधरावीस मुलंमुली बसली होती. गवंड्यांची, शिंप्यांची, धुणीभांडी करणाऱ्या बायकांची. बहुतेक घरं बेळगाव-अथणीकडून आलेली, अर्धं मराठी अर्धं कन्नड बोलणारी. तुम्ही चष्मा कपाळावर सरकवून माझ्या छातीवरचं अक्षर न् अक्षर वाचलंत आणि विचारलंत, "ह्ये वाचायला बरं हाय. बसायला येतंय काय?"

आणि ते लाकडी स्टूल पुढं ओढलंत. कारखान्याच्या ड्रॉइंग ऑफिसमध्ये तीस वर्षं तुम्ही ज्याच्यावर बसलात, निवृत्तीच्या दिवशी जे मागून घरी आणलंत, ते. "बस. या आठवड्यात केलेली एक चूक सांग या पोरांना. खरी."

मी आमच्या टीमकडे बघून हसले आणि म्हणाले की मी जरा जास्तच परफेक्शनिस्ट आहे, त्याचा लोकांना त्रास होतो.

"ही चूक नव्हं," तुम्ही म्हणालात. "ही जाहिरात झाली. उतर खाली."

मुलं खिदळली. माझे कान तापले. अहो, मी सॉफ्टवेअरची तपासणी करणारी बाई. दुसऱ्यांच्या चुका शोधायचा मला पगार मिळतो, आणि स्वतःची एक सापडेना! पुढच्या रविवारी वीस जणांपैकी मी एकटी परत आले. सेवाभाव वगैरे काही नव्हतं, खरं सांगते, चिडून आले होते.

मग येतच राहिले. मारतहळ्ळीहून जयनगर म्हणजे रविवारीसुद्धा दोन बस आणि वर सिग्नल. पण दहाच्या ठोक्याला मी सतरंजीवर असायची. तुमची रीत मला हळूहळू कळली. आधी मोठ्यांनी स्टुलावर बसायचं, मग मुलांनी. मोठ्यांच्या चुका ऐकल्याशिवाय मुलं आपल्या सांगणार कशाला? आणि ऐकणाऱ्यांना "असू दे" म्हणायला बंदी. एकच शब्द बोलायचा, तोही कन्नड: आमेले? म्हणजे, मग पुढं? स्टुलावरचा माणूस आता काय करणार ते सांगेपर्यंत पोरं विचारत राहायची. "असू दे म्हटलं की माणूस उठून घरी जातंय," तुम्ही म्हणायचात. "आमेले म्हटलं की स्वल्प बसतंय."

तुम्ही तिथं बसून काय काय सांगितलंत! भावजयीला भाजी अळणी झाली म्हणून चार माणसांत टोचून बोललात, ते. रिक्षावाल्याशी विनाकारण हुज्जत घातलीत, ते. अभ्यासात मागं असलेल्या एका मुलीपेक्षा हुशार मुलीकडेच आपलं लक्ष जास्त जातं, हेसुद्धा, ती मुलगी समोर बसलेली असताना. "आमेले?" तिनंच विचारलं होतं. "आमेले या महिन्यात आधी तुझी वही बघणार," तुम्ही म्हणालात आणि बघितलीत.

मी मात्र दूध उतू गेलं, बस चुकली, आईला फोन करायचा राहिला, एवढ्यावर भागवायची. तुम्ही त्यांना शोभेच्या चुका म्हणायचात. दारात लावायला बऱ्या.

आपली भांडणंही काही कमी नव्हती. मला हजेरीचं अ‍ॅप हवं होतं, मुलांना प्रमाणपत्रं द्यायची होती, आमच्या कंपनीकडून जुने लॅपटॉप मिळवायचे होते. तुम्ही लॅपटॉप घेतलेत आणि बाकी सगळं परत पाठवलंत. "हजेरी कशाला? कोण आलं न्हाई ते मला बघून कळतंय." मी म्हणायची, तुमच्यानंतर काय? हे असं तुमच्या डोक्यात ठेवून किती दिवस चालणार? त्यावर तुम्ही चुरमुऱ्यांच्या गिरमिटावर कोथिंबीर पेरत म्हणायचात, "माझ्यानंतर तू. आणि काय?" हे उत्तर होतं की मला गप्प करायची युक्ती, ते मी विचारून घ्यायला हवं होतं. चुरमुरे मऊ पडतील म्हणून आपण तो विषय दर वेळी सोडून द्यायचो.

आता रेणुकाचं.

तिचे वडील अथणीकडचे, गवंडीकाम करणारे. ही पोर पहिल्या दिवशी तुमच्या रेघा आखायच्या टी-स्क्वेअरवरून हात फिरवत बसली आणि मान वर करून म्हणाली, "याच्यानं रेघ खोटी येत न्हाई काय?" तुम्ही तिथंच तिच्यावर जीव टाकलात, मला दिसलं. दहावीनंतर तिला डिप्लोमा करायचा होता, मेकॅनिकल, तुमच्यासारखं ड्रॉइंग करायला. तिच्या घरात ड्रॉइंग म्हणजे देवळाच्या भिंतीवर हत्ती काढतात ते. वडिलांना राजी करायला तुम्ही तीन वेळा त्यांच्या साइटवर गेलात, सिमेंटच्या पोत्यावर बसलात.

अर्ज ऑनलाइन होता. मुलांचा अर्ज मुलांनीच भरायचा, हाही तुमचाच नियम. पण रेणुका एकेक अक्षर शोधून टाइप करत होती आणि मला बस गाठायची होती. "सरक गं," म्हणून मी तिच्या हातातून लॅपटॉप घेतला आणि दहा मिनिटांत भरून टाकला. मोबाइल नंबरच्या रकान्यात माझा नंबर घातला. त्यांच्या घरचा एकुलता फोन दिवसभर वडिलांबरोबर साइटवर असायचा, आणि ते आलेले मेसेज वाचत नसत. मला वाटलं, मी शहाणपणा केला. तुम्हाला सांगितलं तेव्हा तुम्ही फक्त म्हणालात, "नंबर तुझा घातलास, मग लक्षबी तुझंच पाहिजे."

तुम्ही स्वतः कॉलेजात चौकशीला गेलात. खिडकीवरच्या क्लार्कनं सांगितलं, मूळ कागदपत्रं घेऊन बहुतेक सोमवारी या, बदल झाला तर नंबरवर मेसेज येईल. तुम्ही रेणुकाला सोमवार सांगितलात. आणि बुधवारी दुपारी मला फोन केलात.

तो फोन मला तुमच्या मरणापेक्षा जास्त आठवतो. मी मीटिंगमध्ये होते. आमचं एक मोठं काम त्या आठवड्यात बाहेर पडणार होतं, दोन दिवस मी धड जेवले नव्हते. तुम्ही विचारलंत, "मंजिरी, मेसेज आलाय काय गं कॉलेजचा?" मी न बघता म्हणाले, "नाही अक्का, आला की सांगते." फोन हातातच होता. बघायला किती वेळ लागला असता?

मेसेज मंगळवारीच आला होता. बँकांच्या आणि पिझ्झाच्या जाहिरातींमध्ये पडला होता. तारीख बदलली होती, सोमवारची गुरुवार झाली होती. मला तो शुक्रवारी संध्याकाळी दिसला.

तरीही मी तुम्हाला फोन केला नाही. तेव्हा स्वतःला काय सांगितलं तेही सांगते. सांगितलं की सोमवारी जाऊ दे त्यांना, घेतीलही कागद, सरकारी कामात मागंपुढं चालतंच. उगाच दोन दिवस त्यांच्या जिवाला घोर कशाला? बघा, स्वतःच्या भीतीला मी तुमच्या काळजीचा सदरा घातला.

सोमवारी मी रजा काढून तुमच्याबरोबर आले. क्लार्क दुसराच होता. त्यानं यादी बघून मान हलवली. गुरुवारी होतं अम्मा, मुगीतु, संपलं. रेणुकानं प्लास्टिकच्या पिशवीतले कागद छातीशी धरले होते. तुम्ही खिडकीच्या कठड्याला धरून उभ्या राहिलात आणि अगदी हळू म्हणालात, "मला सोमवारच ऐकू आलं हो." मग माझ्याकडे वळून, "तुला मेसेज न्हाई ना आला?"

मी म्हणाले, "नाही."

बुधवारचं 'नाही' निष्काळजीपणाचं होतं. हे मात्र चक्क खोटं होतं, तुमच्या डोळ्यांत बघून.

पुढच्या फेरीत बाहेरगावच्या कॉलेजांतल्या जागा उरल्या होत्या आणि वडील तिला एकटीला पाठवेनात. वर्ष गेलं. रेणुका सकाळी एका छोट्या शिवण-कारखान्यात कपड्यांचे धागे कापायला जाऊ लागली.

त्या रविवारी तुम्ही स्टुलावर बसलात. पाठ ताठ, हात मांडीवर. "तारीख ऐकण्यात माझी चूक झाली. रेणुकाचं वर्ष माझ्यामुळं गेलं." आमेले रेणुकानंच विचारलं. तुम्ही म्हणालात, "आमेले तू रोज चार वाजता माझ्या घरी यायचं. पुढल्या साली कॉलेजात जाशील तवा पहिल्या वर्षाचं ड्रॉइंग तुला येत असंल. आणि मी कान तपासून घेणार."

मी तुमच्यापासून चार हातांवर बसले होते. तुमच्यानंतर माझी पाळी होती. मी सांगितलं की या आठवड्यात छत्री बसमध्ये विसरले.

अक्का, मला माझी एवढी घृणा कधी वाटली नव्हती. आणि तरीही पुढच्या रविवारी सांगेन, म्हणत मी दोन वर्षं काढली.

दुधानं तोंड पोळलं की ताक फुंकून पितात, तसं तुमचं झालं. कुणी काही सांगितलं की तुम्ही दोनदा विचारायचात, कागदावर लिहून घ्यायचात, लिहिलेलं पुन्हा वाचून दाखवायचात. पोरं तुमच्या मागं नक्कल करायची. तीस वर्षं ज्या बाईच्या मापावर लोखंड कापलं गेलं, तिला मी स्वतःच्या कानांचा भरवसा सोडायला लावला. आणि एक दिवस प्रवेशाच्या तारखांची सगळी फाइल माझ्यापुढं ठेवलीत. "हे आता तू बघ. तुझं डोकं ठिकाणावर हाय."

एकदा मी खरंच प्रयत्न केला. तुमच्या घरी, दुपारी साडेचारला. रेणुका खिडकीशी ड्रॉइंगच्या फळ्यावर वाकून रेघा काढत होती, तुम्ही माझ्यासाठी पेरू चिरत होतात. मी म्हणाले, "अक्का, त्या तारखेचं एक सांगायचं होतं." तुम्ही कानाकडे हात नेलात. यंत्र खरखरत होतं. "मोठ्यानं बोल की गं," म्हणालात. पाच फुटांवर ती पोर होती. मोठ्यानं कसं बोलू? मी म्हणाले, "पेरू गोड आहे." "बिया लई हायत," तुम्ही म्हणालात, आणि विषय संपला.

तुम्हाला कळलं होतं का? चोराच्या मनात चांदणं, तसे मी तुमचे शब्द पुन्हा पुन्हा तपासते. फाइल मला दिलीत ती विश्वासानं, की मुद्दाम? शोभेच्या चुका म्हणताना तुमची नजर जरा जास्त वेळ थांबायची का? पण नाही. तुम्हाला कळलं असतं तर तुम्ही मला स्टुलावर बसवलं असतं, आणि मी सगळं सांगून उतरेपर्यंत हलल्याही नसतात. तुम्ही मला चांगली समजत होतात. तेच मला सोसत नाही.

आणि देणं तर किती दिलंत! तुमच्याकडे येण्याआधी मला मुलांशी बोलताच यायचं नाही, मी भाषण करायची. तुम्ही मला गप्प बसून ऐकायला शिकवलंत. ऑफिसात नवी पोरं येतात, हातून काही बिघडलं की भीतीनं लपवतात, तेव्हा मी "असू दे" म्हणत नाही, "पुढं काय करू या?" विचारते. ती मला फार चांगली बाई समजतात. हे तुमचं आहे, मी फक्त वापरते.

काल रविवारी हॉल उघडला. मुलं आली, नेहमीपेक्षा जास्तच. सतरंजी घातली, स्टूल मधे ठेवलं आणि कुणी त्याच्याकडे बघेना. रेणुका आली होती. वर्षभरापूर्वी तिला जागा मिळाली, आता दुसऱ्या वर्षाला आहे, लहान मुलींना ती भूमिती शिकवते. मी पर्समधून निळी डबी काढली आणि जाऊन तुमच्या स्टुलावर बसले.

सगळं सांगितलं. लॅपटॉप हिसकावून घेतला तिथपासून पेरूपर्यंत. मराठीत सांगितलं, जिथं लहान पोरांना कळेना तिथं मोडक्या कन्नडमध्ये. मला वाटलं होतं रडू येईल, पण आलं नाही.

रेणुका खाली बघत होती. तशीच तिनं विचारलं, "शुक्रवारीच तुम्हाला माहीत होतं?"

"हो."

"आमेले?"

"आमेले मी गप्प बसले."

"आमेले?"

"आमेले अक्का गेल्या."

ती उठून माझ्याजवळ आली, डबी उघडली, यंत्र तळहातावर घेतलं. मग माझ्याशी नाही, मुलांशी बोलावं तशी म्हणाली, "मला शिकवताना अक्का हे काढून ठेवायच्या. पेन्सिलीचा आवाज यात नीट येत न्हाई म्हणायच्या. मी रेघ दाबून ओढली की त्यांना आत चुलीपाशी ऐकू यायचं. तिथनं ओरडायच्या, हात हलका, रेणुका!"

तिनं डबी मिटली आणि आपल्या दप्तरात ठेवली. "असू दे" म्हणाली नाही. तुमची पोर आहे, कशी म्हणेल? जागेवर जाऊन बसली आणि पुढच्या मुलाला हातानं खूण केली, तुझी पाळी.

ती पुढच्या रविवारी येईल की नाही, मला माहीत नाही. किल्ली माझ्याकडे आहे, मी दार उघडेन. तिनं पुन्हा आमेले विचारलं तर उत्तर द्यायला तिथं असेन. पण तिचं वर्ष आणि तुमचे कान, यातलं मला काहीही परत देता येत नाही. त्या खिडकीपाशी, तुम्ही कठड्याला धरून माझ्याकडे वळलात तेव्हा, एक वाक्य बोलायचं होतं. साधं, चार शब्दांचं. तेवढं ऐका आता. यंत्र नको, तुम्हाला ऐकू येतं.

अक्का, तुम्ही बरोबर ऐकलं होतं.